तारामतीच्या दंडावरचे डाग

नारायणगुडा, हैदराबाद
ता. ११ फेब्रुवारी १९५१

रा. रा. एकनाथराव यांस,

भगवंताचा नमस्कार. तुम्ही नांदेडला सुखरूप पोचलात, हे आमच्या शेजारच्या अप्पारावांकडून कळलं. शाळा सुरू झाली असेल. इकडे थंडी ओसरली आहे.

तार मिळताच तुम्ही आलात आणि तारामतीचं तेरावं होईपर्यंत माझ्या घरात राहिलात. तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाहीत. मलाही बोलवेना. म्हणून लिहितो आहे.

तिला काय झालं होतं, ते आधी सांगतो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी ती गेल्यावर कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्रपिंडावर लहानशी ग्रंथी असते. तिचा रस शरीराला लागतोच, पण हिच्या ग्रंथीत गाठ झाली आणि तो रस वर्षानुवर्षं प्रमाणाबाहेर पाझरत राहिला. त्यानं चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र काड्या. रक्ताचा दाब वाढला, रक्तवाहिन्या कडक झाल्या आणि त्यांच्यातून रक्त ढकलता ढकलता हृदय थकलं. आम्ही मात्र म्हणत होतो, माहेरच्या अन्नानं बाळसं धरलंय. जिना चढताना ती धापा टाकायची, तेव्हा मीच हसून म्हटलं होतं, "भात कमी कर."

मग मी दंडावरच्या काळ्यानिळ्या डागांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "किसी ने मारा नहीं, भाईसाब. इस बीमारी में चमडी पतली हो जाती है. जरा धक्का लगा तो अंदर खून उतर आता."

एकनाथराव, तेव्हा मला तुमचं दार आठवलं.

पोलीस ॲक्शननंतर गाड्या सुरू झाल्या तसा मी नांदेडला आलो. तिचे दंड पाहिले आणि तुमच्या दारात, चार शेजाऱ्यांसमोर ओरडलो, "मास्तर होऊन बायकोवर हात टाकता?" तुम्ही एवढंच म्हणालात, "तिलाच विचारा." ती म्हणाली, "दादा, ते नाही रे मारत. आपोआप होतं." मला वाटलं, नवऱ्याला पाठीशी घालते आहे. त्या वर्षात आपण सगळ्यांनीच इतकी मारहाण पाहिली होती, की दुसरं काही सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तिला घेऊन आलो.

तुमची तीन पत्रं आली. ती मी तिला दिली नाहीत. फोडलीही नाहीत, पेटीत टाकली. तुम्ही गेल्यावर काढून वाचली. दुसऱ्यात तुम्ही लिहिलंत, "मुंबईच्या डॉक्टरांना लक्षणं कळवली. हा साधा लठ्ठपणा नव्हे, वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर आशा आहे, असं ते म्हणतात. माझ्यावर राग ठेवा, पण तिला पाठवा." तारीख एप्रिल एकोणपन्नासची. इथल्या डॉक्टरांनी तिला पाहिलं गेल्या डिसेंबरात. तेव्हा तिचं हृदय शस्त्रक्रिया सोसण्याजोगं राहिलं नव्हतं.

येत्या रविवारी नांदेडला येतो. ज्यांच्यासमोर तुमची अब्रू काढली, त्यांच्यासमोर उभा राहून हे सगळं सांगेन. तुम्ही दार उघडलं नाहीत तरी सांगेन.

एक गोष्ट मात्र त्यांच्यासमोर बोलायची छाती नाही. पोस्टमन आला, की ती विचारायची, "दादा, नांदेडचं काही?" मी म्हणायचो, "नाही." पुढे तिनं विचारणं सोडलं. तुम्ही तिला टाकलं, असं समजून ती गेली.

तुमचा मेहुणा म्हणवून घ्यायला न धजणारा,
भगवंत