बोळातला ब्रेक

भावजी,

मी पहाटेच्या गाडीनं निपाणीला चालले. भाकरी झाकून ठेवल्यात.

तुमच्या अण्णांच्या जुन्या मोटारसायकलला पुढं नवा डिस्क ब्रेक बसवलात, बरं केलंत. परवा कोगनोळी नाक्यावर थोडक्यात वाचलात. पण जुना ब्रेक बोळात वळताना लई किंचाळायचा, आणि आप्पा म्हणायचे, "आला गोमटेश." मगच हात धुऊन पाटावर बसायचे. अण्णा, त्यांचा थोरला लेक, आता नाहीत हे त्यांच्या ध्यानात राहत नाही, आणि आपणही कधी त्यांना अडवलं नाही.

काल तुम्ही आलात ते कुणालाच कळलं नाही. गाडी लावून तसेच मळ्यात मोटर चालू करायला गेलात. आप्पा उंबऱ्यावर वाट बघत बसले. दिवस बुडाला, आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही हा त्यांचा नेम, मग त्यांनी घासही घेतला नाही. "आज गोमटेश आला न्हाय गं," एवढंच म्हणाले.

आज उजेड असतानाच या. आप्पांना हाताला धरून पाटावर बसवा आणि शेजारी बसून जेवा. जुना ब्रेक मात्र परत बसवू नका.

तो आवाज आला की मीसुद्धा आमच्या यांचं धरून चार ताटं घ्यायची. काल तीनच घेतली.

त्रिशला