पाठमोरा बादशहा

अब्बा, आईला चंद्रपूरला सिनेमा दाखवून आणलं त्याला दोन महिने झाले, आणि अजून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू.

सिनेमा जुन्या काळच्या एका बादशहाचा आणि त्याच्या हिंदू राणीचा. लग्न इतिहासातलं, खरं. पण पडद्यावर दर दहा मिनिटांनी गाणं, आणि लढाईला निघालेले हत्तीसुद्धा ठेक्यात चालणारे. आई निम्मा वेळ पेंगत होती. मग वरातीचं गाणं लागतं. राणी पालखी थांबवते, वाटेतल्या आपल्या देवळात एकटीच शिरते, आणि तो एवढा मोठा बादशहा घोड्याचा लगाम धरून, देवळाकडे पाठ करून बाहेर उभा राहतो. आई ताडकन उठली आणि भर थेटरात ओरडली, "अरे, हा तं तुहा बाप हाये!" मागची पोरं खिदळली. मी पदर ओढून तिला खाली बसवलं. पण मलाही दिसलं होतं. घोड्याच्या जागी सायकल ठेवली की तुम्हीच!

दर उन्हाळ्यात झाडाला आंबे धरले की तुम्ही राजुऱ्याच्या दुकानातली शिलाई मशीन झाकून ठेवायचात आणि आईला सायकलवर गावाबाहेरच्या मोठ्या झाडापाशी न्यायचात. मी पुढे दांडीवर. आई जिवतीच्या डोंगरातल्या गोंडांची लेक. नवा आंबा आधी तिच्या देवाला आणि तिच्या गेलेल्या माणसांना, तोवर घरात कुणी तोंड लावायचं नाही. ती झाडाखाली देवापुढे, आणि तुम्ही हँडल धरून रस्त्याकडे तोंड करून उभे. कधी वळून पाहिलं नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला तिची लाज वाटते.

दहा वर्षांचा होतो तेव्हा मी शेजारची कैरी पाडली आणि दुकानाच्या पायरीवर बसून मीठ लावून खाल्ली. झाडाकडे जायच्या आधीच. तुम्ही गळ्यात टेप घेऊन तसेच बाहेर आलात आणि गिऱ्हाइकांसमोर माझ्या कानाखाली वाजवलीत. "घर में पहला आम किसका होता है, मालूम नै क्या तेरेको?" एवढंच. जन्मात एकदाच मारलंत, तेही एका कैरीसाठी. हे मी बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं, हसत हसत सांगितलं आणि आतून जळत राहिलो. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी दोनदाच आलो, ते त्या रागापायीच.

मध्यंतरात शेंगदाण्याची पुडी सोडत आई म्हणाली, "लग्नाच्या आंधी मी मास्तरले सांगतलं होतं." सगळ्या गावासारखी तीही तुम्हाला मास्तरच म्हणायची, तुमचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. "म्हनलं, बाकी सारं तुमच्या घरचं करीन, पन पहिला आंबा माह्या देवाचा. तो म्हने, कबूल. मीच घेऊन जात जाईन तुले. पाहनार नाई म्हने, तुह्या देवाले परक्या मानसाचा संकोच नको. अन् तू कैरी खाल्ली ना, त्या दिवशी मास्तरनं माह्यापुढं आपले दोन्ही कान धरले. माह्या घरात तुहा शब्द मोडला म्हने. मी त्या साली आंबा खाल्ला नाई, तं त्यानंही नाई खाल्ला."

"मग मले काऊन नाई सांगतलं?"

"तू कधी इचारलं?"

पुढचा सिनेमा मी पाहिलाच नाही. पडदा समोर होता, गाणी वाजत होती. तो सगळा उन्हाळा तुम्ही आंब्याशिवाय काढलात आणि मी त्याच घरात जेवत होतो, माझ्या लक्षातही आलं नाही! तुम्हाला मी चिक्कू आणि तापट म्हणत आलो, माझ्या पोरांनाही तसंच शिकवलं. याची भरपाई कशी करायची असते, अब्बा?

गेल्या आठवड्यात आईला मोटारसायकलवर त्याच झाडापाशी नेलं. झाड आहे अजून, बाजूनं सिमेंटचे ट्रक जातात. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो, तुमच्यासारखा. मागे आई गोंडीतून तिच्या गेलेल्या माणसांना बोलावत होती, एकेकाचं नाव घेऊन. बाप, आई, थोरला भाऊ. मग थांबली, आणि तिनं तुमचं नाव घेतलं. मास्तर नाही, नाव. अगदी स्पष्ट, दोनदा.

तुम्ही उर्दूच वाचायचात आणि मला मराठीच लिहिता येतं, तेव्हा हे कागद तुमच्या मशीनच्या खणात, खडूशेजारी ठेवून देतो. फक्त एक कबूल करायचं राहिलं. तिनं तुमचं नाव घेतलं तेव्हा मी वळून पाहिलं, अब्बा. मला नाही जमलं.