करपलेली फोडणी

अगं, परवा डोंबिवलीला आईकडे जेवायला गेले आणि आमटीचा पहिलाच भुरका मारला तर तुझा मसाला. आमच्या घरात गोड्या मसाल्याशिवाय आमटी होत नसे. तू आलीस आणि बाटलीत ठासून भरलेला तुमचा तो लालभडक मसाला आईच्या कपाटात जाऊन बसला, तो आजतागायत. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी दर उन्हाळ्यात तुझी आत्या ठाण्याहून नवी बाटली पाठवते आणि आई ती दोन्ही हातांनी घेते. मी आणलेल्या साड्या मात्र "कशाला आणलीस" म्हणून बाजूला ठेवते. मी विचारलं, गोडा मसाला संपला का? तर म्हणाली, आहे की, पण आता सपक लागतो. मी नुसतं ताक मागून घेतलं.

कॉलेजात असताना मला तुझा हेवा वाटत नव्हता. आपल्या दोघींना एका सेमिस्टरसाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा तुझ्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तू ठाण्याच्या ख्रिस्ती वाडीतली, आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेली. माझी आई दर रविवारी फोन करायची. बरी आहे, जेवले, ठेवते, एवढ्यात मी तिला उरकायची. मग तो रविवार आला. हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात मी बटाटे सोलत बसलेय, तू शेगडीशी उभी आहेस, आणि माझा फोन वाजल्यावर तूच तो उचलतेस. "काकू, मना सांगा, फोडणी करपली तर काय करायचा?"

फोडणीवर माणूस किती बोलू शकतं? गॅस बंद कर, ती ओतून दे, भांडं बदल, संपलं. पण तुमचं संपेना. पुढच्या रविवारी मुगाची खिचडी, त्याच्या पुढच्या रविवारी भाजणी, आणि मधूनच आईचं माहेर, आईची पहिली नोकरी. लग्नाआधी आई पेटी शिकत होती, आणि सासरी आणता येईना म्हणून ती पेटी शेजारणीला देऊन आली, हे मला तुझ्याकडून कळलं. माझ्या आईची गोष्ट, मला, तुझ्याकडून! तेव्हा माझं डोकंच फिरलं. एवढं काय बोलता गं तुम्ही, असं मी तोडून विचारलं. तू कांदा चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुला हाय ना आई, म्हणून तुला कंटाला येते." पिकतं तिथं विकत नाही, हे मला त्या वयात कुणी ऐकवलेलं आवडत नसे, तुझ्याकडून तर नाहीच.

परत आल्यावर तू रविवारी डोंबिवलीला यायला लागलीस. मी घरात असो वा नसो. दुसऱ्या पावसाळ्यात डेंग्यूनं तू गेलीस आणि मला वाटलं, आता आई माझी होईल. असं वाटलं, खरंच वाटलं. पण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि त्याच्यापेक्षा गुणीही होता येत नाही. दर नोव्हेंबरात तुमच्या कबरींवर फुलं-मेणबत्त्या ठेवतात त्या दिवशी आई शेवंती घेऊन ठाण्याला येते. पहिल्या वर्षी तिनं तुझ्या आत्याला हळूच विचारलं होतं, उदबत्ती चालेल का? तेव्हापासून अख्ख्या दफनभूमीत तुझ्या एकटीपाशी उदबत्ती असते. सख्ख्या दिराला पोचवून आल्यावर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात न लावणारी माझी आई तुझ्याकडून आली की नुसते पाय धुते आणि चहा टाकते. मी सोबत असते, पण फाटकापाशीच थांबते. आई तिथं उभी राहून तुझ्याशी काहीतरी बोलते. लांबून मला ऐकू येत नाही.

काल मी ठाण्यात माझ्या घरी आमटी करत होते. मनात काय आलं कोण जाणे, आईला फोन लावला आणि विचारलं, "आई, फोडणी करपली तर काय करायचं गं?" पलीकडे ती हसायला लागली. "करपलेली नाहीये ना? तिचीही नव्हती करपली. मागाहून सांगितलंन मला."

बघ, एवढंसुद्धा तू माझ्यासाठी नवं ठेवलं नाहीस. आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या हॉस्टेलात जरा धूर झाला की आगीची घंटा बोंबलायची. त्या रविवारी ती वाजलीच नव्हती. मी आईला म्हटलं, पेटीचं सांग ना. म्हणाली, ते तुला माहितेय की. तुझ्या तोंडून नाही, म्हटलं. मग ती सांगत बसली, आणि माझी फोडणी खरोखरच करपली.

हे पत्र तुझ्या कबरीवर ठेवावं असं मनात आलं होतं. पण नोव्हेंबरात ते आईच्या हाती लागेल आणि वाचून ती तुझीच बाजू घेईल. त्यापेक्षा राहू दे माझ्यापाशीच. फक्त एक सांगते. दुसरी फोडणी करून जी आमटी केली, तिच्यात मसाला तुझाच होता. परवा निघताना आईच्या बाटलीतून थोडा काढून आणलाय, तिला न विचारता.