‘आदरभाव’ नावाचा रकाना

६ जानेवारी, सोमवार
विद्यापीठाचं पत्र आलं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महाविद्यालयांचे सगळे पीएच.डी. प्रबंध विद्यापीठाच्या डिजिटल रिपॉझिटरीत नीट लावायचे. समन्वयक मी. प्रबंध ३८६. आजची स्थिती अशी की निम्मे सापडत नाहीत आणि सापडतात ते उघडत नाहीत. ही सांस्कृतिक आणीबाणी आहे. (वाक्य चांगलं आहे. कुठेतरी वापरावं.)
संकल्प दोन. पहिला : २८ फेब्रुवारीच्या आत काम पूर्ण. दुसरा : तोवर एकही भाषण करायचं नाही. या देशात बोलणारे फार झाले.
दुसरा संकल्प ग्रंथालयात जाऊन सविस्तर सांगितला. पन्नास मिनिटं. श्रोते दोन : ग्रंथालय सहायक मोनिका आणि पाण्याचा जारवाला. जारवाला शेवटपर्यंत हलला नाही. त्याच्या पावतीवर मोनिकाची सही राहिली होती, असं नंतर कळलं.

९ जानेवारी, गुरुवार
रिपॉझिटरी हा शब्द आपल्या मातीतला नाही. तीन दिवस विचार करून नाव काढलं : ज्ञानकणगी. मोनिका म्हणाली, छान आहे सर, पण वेबसाइट विद्यापीठाची आहे, नाव आपल्याला बदलता येत नाही. तिला विचारलं, या तीन दिवसांत तू काय केलंस. म्हणाली, चाळीस प्रबंध स्कॅन केले.
या पिढीला आकड्यांचं फार.

१३ जानेवारी, सोमवार
दौंडहून एसटीनं प्रगती कोळपे आली. माझी विद्यार्थिनी. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे. घरची आधीची पिढी मेंढरांमागे होती, आता शेती. हिचा प्रबंध मेंढपाळांच्या बोलीतल्या रंगांच्या शब्दांवर. एका काळ्या मेंढीला सात शब्द. मार्गदर्शक मीच.
२८ फेब्रुवारीला पुण्यात तिची मुलाखत आहे. कायमची जागा, एकच. पुन्हा भरती कधी, कोणाला माहीत नाही. समिती समोरच रिपॉझिटरी उघडून प्रबंध बघते. मागच्या मुलाखतीत बघितला, सापडला नाही. समितीतले एक म्हणाले होते, बाई, नक्की लिहिला आहे ना? प्रगती म्हणाली, सर, ‘कोळपे’ टाकलं की मी दिसले पाहिजे, बाकी मला काही नको. तिची आई ताईबाई दर रविवारी विचारते म्हणे, तुझं बुक कांपुटरात घातलं का न्हाई त्यांनी?
मी शब्द दिला. उभा राहून दिला. देऊन होईपर्यंत तिची साडेचारची गाडी गेली.

१७ जानेवारी, शुक्रवार
विद्यापीठाच्या नमुन्यातली यादी पाहिली आणि रक्त उसळलं. ‘कोळपे, प्रगती.’ ‘दसगुडे, पृथ्वीराज.’ दसगुडे, पृथ्वीराज! म्हणजे साक्षात मी! ही विद्वानांची यादी आहे की तिसरीच्या वर्गाची हजेरी? आयुष्य झिजवलेल्या माणसांना असं आडनावानं पुकारायचं?
आदेश दिला : नावाच्या आधी नवीन रकाना. रकान्याचं नाव ‘आदरभाव’. हयात असलेल्या सर्वांना ‘मा. प्रा. डॉ.’, दिवंगतांना ‘कै. प्रा. डॉ.’. मोनिका म्हणाली, सर, हे सॉफ्टवेअर नाव पहिल्या अक्षरापासून शोधतं, पुढे मा. लावलं तर सगळेच ‘म’खाली जातील. मी म्हणालो, मान हा नेहमी पुढेच असतो.
तिनं हे वाक्य कागदावर लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. आवडलं असावं.

२४ जानेवारी, शुक्रवार
रकाना मी स्वतः भरला. कोण हयात, कोण नाही, सगळं तोंडपाठ. यादीच्या शेवटी, ३८५ क्रमांकावर, माझे मार्गदर्शक कै. हौसराव धुमाळ, आमचे आबा. ३८६ वर मी. गुरूच्या पाठोपाठ शिष्य. अध्यक्षीय भाषणही शेवटीच असतं.
आबांच्या नावापुढे कै. लिहून दोन मिनिटं उभा राहिलो. गेल्या वर्षी त्यांच्या शोकसभेत मी चाळीस मिनिटं बोललो होतो.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनानंतर प्राचार्य म्हणाले, दोन शब्द बोला. हे भाषण नव्हे, मनोगत. संकल्प शाबूत. सव्वा तास.

३ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी कासुर्डीहून फोन. आवाज ओळखीचा. म्हणाले, आरं पिरथ्वीराजा, मी मेलो कवा? मला कळवलं असतंस तर आलो असतो की.
हौसराव आबा. हयात. एकोणऐंशी. महाविद्यालयांना तपासायला पाठवलेली यादी नातसुनेनं मोबाइलवर दाखवली. म्हणाले, ती रडायच्या आधी मला हाक मारायला आली, म्हणून बरं. मी शोकसभेची आठवण दिली. म्हणाले, ती खुटबावच्या हौसरावाची व्हती. मी आलो व्हतो तिथं. तुझ्या म्होरंच बसलो व्हतो. तू माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलाया लागलास, म्हटलं कशाला मधीच उठा.
मोनिका जेवायला गेली होती. तिची वाट न बघता दुरुस्ती मीच केली. आबांच्या ओळीत नवीन चौकट घातली. संगणकानं विचारलं, जुनी कुठे सरकवू? मी म्हणालो, खाली. नव्या चौकटीत ‘मा. प्रा. डॉ.’ लिहिलं. कै. तिथून गेलं. दीड मिनिट. लोक उगीच या यंत्रांचा बाऊ करतात.

१० फेब्रुवारी, सोमवार
सगळे ३८६ प्रबंध चढले. स्कॅनिंग मोनिकाचं, दृष्टी माझी.
संध्याकाळी प्रगतीचा फोन. म्हणाली, कोळपे टाकलं सर, काहीच येत नाही. मी म्हणालो, आधी ‘मा’ टाक. म्हणाली, टाकलं, तीनशे एक्केचाळीस माणसं आली, मी नवव्या पानावर आहे. मी म्हणालो, संशोधकाला धीर हवा. ती म्हणाली, मला आहे हो सर, समितीला कुठून आणू?
मग तिनं फोन ठेवला. माझा मुद्दा पटला असावा.

१९ फेब्रुवारी, बुधवार
शिवजयंतीनिमित्त कासुर्डीत बोललो. हे व्याख्यान. संकल्प भाषणाचा होता.
‘सांस्कृतिक आणीबाणी’ तीनदा वापरलं. टाळ्या दोनदा. आबा पहिल्या रांगेत, फेटा बांधून, ठणठणीत. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, बोललास झ्याक. पर त्या कोळप्याच्या पोरीचं काय केलंस? माझ्याकडं आली व्हती. तिला मान नकोय रं, तिला घावायचंय. तू तिला मानाच्या पोत्यात घालून तोंड शिवलंस.
वय झालं आहे आबांचं. तरी जेवताना अर्धं ताट तसंच ठेवलं. भाकरी कोरडी होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार
विद्यापीठाला चौदा पानी निवेदन लिहिलं. मागणी : सॉफ्टवेअरला आदर समजेल अशी सुधारणा करावी. टपालानं पाठवलं, म्हणजे गांभीर्य राहतं.
मोनिका दारात. म्हणाली, सर, मुलाखत चार दिवसांवर आली, आदरभाव रिकामा करू का? मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, म्हणजे नको? मी म्हणालो, मी नको म्हटलेलं नाही. ती म्हणाली, म्हणजे करू? मी म्हणालो, मी गुरुवारच्या मराठी दिनाच्या तयारीत आहे, तत्त्वाला धक्का न लावता तुला सुचेल ते कर.
पुन्हा कागद. पुन्हा सही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
काल मराठी दिन. दोन तास पाच मिनिटं. भाषण नव्हे, कर्तव्य.
आज एक वाजता प्रगतीचा फोन. धापा टाकत होती. समितीतल्या बाईंनी ‘कोळपे’ टाकलं. पहिलंच नाव तिचं. मग त्यांनी काळ्या मेंढीचे सातही शब्द तिच्याकडून म्हणून घेतले आणि आठवा आहे का विचारलं. होता. हसायला लागले सगळे म्हणाली. मी तिला म्हणालो, दिलेला शब्द मी पाळतो. ती म्हणाली, सर, मोनिकाताईंना फोन द्या ना जरा.
मोनिकानं सोमवारीच रकाना रिकामा केला होता. अकरा मिनिटं लागली. सगळे ‘मा.’ गेले. म्हणाली, ‘कै.’ तेवढे ठेवले, ते काढायचं तुम्ही बोलला नव्हता.
मोठ्या मनानं माझं नाव शोधायला बसलो. ‘दसगुडे.’ निकाल शून्य. ‘पृथ्वीराज.’ शून्य. म्हणालो, मोनिका, मला पुसलंस की काय? तिनं ‘कै’ टाकलं. पंचेचाळीस नावं आली. सगळ्यात खाली मी.
तीन तारखेला आबांचं कै. खाली सरकवलं होतं. खाली मी होतो.

३ मार्च, सोमवार
प्रगतीची निवड झाली. ताईबाईंनी पेढे पाठवले. पुडा मोनिकाच्या टेबलावर. वर नाव नुसतं ‘मोनिका’. ना मा., ना कु. मी एक खाल्ला.
शनिवारी कोणीतरी कैलासवासींच्या यादीचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत सत्तर श्रद्धांजल्या. एकानं लिहिलं आहे, सर फार बोलायचे. दुसऱ्यानं खाली लिहिलं आहे, लिहायचेही, हे आज कळलं. आबांचा फोन आला. म्हणाले, आता तू कवा मेलास? मी कसं बोलू तुझ्या सभेत, मला चाळीस मिनिटं जमायची न्हाईत.
मोनिका म्हणाली, सर, एका मिनिटाचं काम आहे, काढते कै.
थांब म्हणालो. माझ्या प्रबंधाच्या पानावर खाली एक आकडा असतो, किती जणांनी डाउनलोड केला त्याचा. शुक्रवारपर्यंत तिथं दोन होते. दोन्ही वेळा मीच. आज एकसष्ट. बघता बघता बासष्ट झाले.
मी म्हणालो, राहू दे बुधवारपर्यंत.
ती कागद घेऊन आली. सही केली.