मान्य यादीत नसलेलं काम

प्रिय ठमे,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन केला की तू म्हणतेस, 'आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते,' आणि तुझं ते 'नंतर' थेट रविवारी उगवतं. रविवारी बाबा फोन हातात घेतात, जेवलीस का, झोपलीस का विचारतात, आणि माझं बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून आज दुकानाचं दार लोटून बसलेय. मनात साचलंय ते सगळं ओतणार आहे. जरा दमानं वाच.

बाबांचे हात आता फारच थरथरतात, कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. कान मात्र शाबूत आहेत. पायरीवर बसून पलीकडच्या विहिरीवरच्या मोटरीचा आवाज ऐकतात आणि सांगतात, हिचं बेअरिंग बोलायला लागलंय. तीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांच्या जळलेल्या मोटरी भरल्या, आतली काळी पडलेली तार कापून नवी गुंडाळली. दोन वर्षांपूर्वी हात ऐकेनासे झाले तेव्हा दुकानाला कुलूप लागलं, एवढंच तुला माहीत आहे. पुढचं मी तुला धड सांगितलंच नाही.

कुलूप लागल्यावर लोक मोटर टेम्पोत घालून शहरात न्यायला लागले. तिथे आठ दिवस, दहा दिवस. तोवर इथे मळा उभ्या उभ्या वाळायचा. भाजीवाल्या काकांची मोटर जळली त्या दिवशी मी म्हटलं, द्या इकडे. इतकी वर्षं यांच्या शेजारी बसून मी तारेचे फेरे मोजलेत, मला काय जड आहे? जड होतं, बाई. कुठेतरी मोजण्यात चुकले आणि बटण दाबल्यावर दुसऱ्याच मिनिटाला धूर निघाला. काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, धूर मात्र झकास निघाला." गल्ली हसली. मी रात्रभर रडले नाही की काही नाही, सकाळी पुन्हा सगळी तार काढली आणि पुन्हा भरली. ती मोटर आजही चालतेय.

मग शिंपीण आली. तयार कपड्यांची दुकानं झाल्यापासून तिच्याकडे शिवायला कोण येतं? गुंडाळलेल्या तारेची कॉइल दोऱ्यानं बांधायची असते ना, तिनं बांधलेली पाहून बाबा म्हणाले, "असं मलाही कधी जमलं नाही." बाबांच्या तोंडून एवढं ऐकायला मला संसाराची पंचवीस वर्षं पुरली नाहीत, तिला पंचवीस मिनिटं पुरली. नंतर वेल्डरची सून आली. शिकलेली मुलगी, मीटरवरचे आकडे घडाघडा वाचते, पण नवऱ्याच्या मागे शहरात जाऊन पॅकिंगच्या कारखान्यात उभं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. अशा आम्ही तिघी. मोटर सकाळी आली की तिसऱ्या दिवशी परत. मोटर द्यायला-न्यायला आलेले लोक बसून राहायचे तर समोरचं बंद पडलेलं चहाचं दुकानही पुन्हा उघडलं. पिठाच्या गिरणीवाल्यानं गाव सोडायचा बेत रद्द केला, म्हणाला, 'आता गिरणी अडली तरी तुम्ही आहात.' एका दुकानामागे दुसरं कसं उभं राहतं, हे मला कुणी शिकवलं नाही. दारात बसून दिसलं.

आणि शिकवायला मात्र किती जण आले! तुझ्यासारखंच ओळखपत्र गळ्यात घातलेले. तू गावातल्या छोट्या उद्योगांना हात देणाऱ्या त्या संस्थेत लागलीस तेव्हा बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं, म्हणून तुमच्याकडचं कुणी आलं की आम्ही कौतुकानं पुढे जाऊन बसायचो. दोन वर्षांत चार शिबिरं झाली. चारही मेणबत्त्यांची. भिंतीवर चित्रं दाखवून शिबिर घेणारे सर सांगायचे, मोठं स्वप्न बघा. तिसऱ्या शिबिरात शिंपीण उठून म्हणाली, "सर, इथे बायका बारा आणि बाराही मेणबत्त्याच करणार. घेणार कोण? एकमेकींना विकू का?" सर म्हणाले, "फार छान प्रश्न," आणि पुढचं चित्र लावलं. मी उभी राहून म्हटलं, आमचं मोटरीचं दुकान आहे, ते बघायला चला, इथून दोनशे पावलं आहे. त्यांनी घड्याळ पाहिलं. शेवटी बारा जणींचा प्रमाणपत्रं धरून फोटो निघाला. त्या फोटोत माझ्या नखांत वार्निश आहे, नीट बघितलंस तर दिसेल.

वार्निशवरून खरी गोष्ट सांगते. तार भरून झाली की वार्निश ओततात आणि भट्टीत तापवून सुकवतात. बाबांची भट्टी केव्हाच गंजून गेली. आम्ही उन्हात सुकवायचो. यंदा टाकीत पाणी चढवणारी गावाची मोटर जळली. पाणीवाले मामा धावत आमच्याकडे आले. आम्ही तिघींनी जेवणखाण विसरून ती भरली, आणि आभाळ भरून आलं. दोन दिवस ऊन नाही. मी म्हटलं, थांबा, ओली लावू नका. पण गाव कोरडं, घागरी रांगेत, कोण थांबतंय? मामांनी लावली आणि मोटर गेली. मग तीच मोटर शहरात, आणि गाव नऊ दिवस टँकरच्या मागे. लोक आम्हाला काय काय बोलले ते लिहीत नाही. गिरणीवाला तेवढा आमच्या बाजूनं भांडला. वेल्डरच्या सुनेला सासऱ्यानं ऐकवलं, "बायकांनी मोटरी भरल्या की असंच व्हायचं." काम बायकांचं चुकलं नव्हतं गं. भट्टी नव्हती.

म्हणून आम्ही तुमच्याच संस्थेकडे अर्ज केला. एक भट्टी आणि एक तपासणीचं यंत्र, बाकी काही नाही. एकोणीस पानं भरली. तुला मुद्दाम सांगितलं नाही. आईनं लेकीच्या ओळखीवर काम करून घेतलं असं उद्या कुणी म्हणायला नको, आणि काम चांगलं असेल तर ओळख कशाला लागते, असं मला वाटलं. भोळी मी. तालुक्याच्या ऑफिसात तीन खेपा झाल्या. एकदा फोटो छोटा, एकदा शिक्का वाकडा, एकदा साहेब रजेवर. अर्ज घेणारी बाई चांगली होती, ती हळूच म्हणाली, "मावशी, मेणबत्त्या लिहा ना, लगेच होईल." मी नाही लिहिलं.

मागच्या आठवड्यात उत्तर आलं. एकोणीस पानांना पाच ओळी. हा व्यवसाय महिला गटांच्या मान्य यादीत नाही, सबब अर्ज नामंजूर. गटानं मेणबत्ती अथवा कापडी पिशव्यांचा विचार करावा. शिंपीण ते वाचून हसली, मग तिनं दोऱ्याचं रीळ गुंडाळून ठेवून दिलं. वेल्डरच्या सुनेनं पॅकिंगच्या कारखान्याला होकार कळवलाय, महिनाअखेरीला जाईल. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतल्या कुणाचा राग करायचा, तेच मला आठवडाभर कळत नव्हतं.

म्हणजे कळत होतं, ठमे. कागदाखाली सही तुझी आहे. दोघींनी विचारलं, ही सही कुणाची? मी म्हटलं, चष्म्याशिवाय लागत नाही. पहिल्या पानावर गावाचं नाव होतं, तिसऱ्या पानावर माझं. तू न वाचता सही केलीस, की वाचून केलीस? यातलं कुठलं खरं असेल तर मला जास्त लागेल, हेही मला ठरवता येत नाही. अर्ज मंजूर कर असं सांगायला हे पत्र नाही. आईचा म्हणून मंजूर केलास तर मीच परत पाठवीन. पण एक दिवस इथे येऊन बस. उघडलेली मोटर बघ, त्या दोघींचे हात बघ, आणि तरीही नाही म्हणावंसं वाटलं तर त्यांच्या तोंडावर म्हण. पुढच्या मंगळवारी मी त्यांना सही कुणाची ते सांगणार आहे. तू आलीस तर तुझ्यासमोर सांगेन. नाही आलीस तरी सांगेन, आणि तेव्हा तुझी बाजू मला घेता येणार नाही.

तुझीच,
आई