चौथीचे भोवरे

ती. मामा,

आधी तुमच्या प्लास्टरमधल्या पायाला नमस्कार, मग दुसऱ्या. आत खाज सुटते का? (मामी खाजवायला पट्टी देते म्हणे, घेऊ नका.) दुकान उत्तम चाललंय. हे वाक्य पत्र संपेपर्यंत खरं मानावं.

मामा, काय सांगू! असा कॅमेरा हातात असून तुम्ही जन्मभर नुसते नवरे-नवऱ्या काढलेत! मी भाजीवाल्या मावशींकडचा फ्लॉवर काढला. जवळून पाहिलं तर प्रत्येक तुरा म्हणजे अख्खा फ्लॉवरच, आणि त्याच्या तुऱ्यात पुन्हा तेच! मग सूर्यफूल. बियांच्या वळणदार रांगा एका दिशेने चौतीस, दुसऱ्या दिशेने पंचावन्न. मागच्या दोन संख्या मिळवून पुढची, अशी जी संख्यामाला मी परीक्षेसाठी घोकली, ती फुलाला तोंडपाठ! मी ओरडलेच, तर मावशी म्हणाल्या, "घेणारेस, का नुसतीच मोजणारेस?" (फ्लॉवर घेतले. बरेच. आई तेव्हापासून तीच भाजी करतेय आणि माझ्याशी बोलत नाहीये.)

अशा भारलेल्या अवस्थेत मी शाळेत चौथीचा वर्गफोटो काढायला गेले. ही ऑर्डर म्हणजे दुकानाचं नाक, हे तुम्ही ऑपरेशनला जाताना बजावलं होतंत, विसरले नव्हते. पोरं पायऱ्यांवर बसवली, मी शिडीवर चढले, तेवढ्यात पुढची एक मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकली. मामा, तिच्या डोक्यावरचा भोवरा! सूर्यफुलाचा सख्खा भाऊ! मी म्हटलं, "सगळ्यांनी मागे वळा!" पोरं खूश. बहुतेकांचे भोवरे घड्याळाच्या दिशेने, दोघींचे उलटे, एकाच्या डोक्यावर तर चक्क दोन. मी टिपतच सुटले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अगं, चेहरे कुठायत?" मी म्हटलं, "बाई, चेहरे तर रोजच दिसतात!" त्यावर त्या जे बोलल्या त्यात तुमच्या बहिणीने मला काय वळण लावलं, याची चौकशी होती. आणि पुढच्या वर्षीपासून ऑर्डर दुसरीकडे, असंही.

तुमची भाची
(घरातली पहिली पदवीधर, आई सध्या हे कोणाला सांगत नाही)

ता.क. आज चौथीच्या आया दुकानावर आल्या. मी दाराला कडी घालणार होते. पण मामा, फोटो पुढे ठेवले, तर एकीनेही "आमचा कुठला?" विचारलं नाही. प्रत्येकीने सरळ आपल्या पोराच्या भोवऱ्यावर बोट ठेवलं. "हा आमचा. रोज विंचरते ना!" सगळ्यांना प्रत हवीय.

आणखी ता.क. तरीही बाईंना तुम्हीच फोन करा आणि पुन्हा एक दिवस मागून घ्या. (उलट्या भोवऱ्यातली एक त्यांची नात आहे. सुरुवात तिच्या कौतुकाने करा.) कारण समोरून काढलेला फोटो एकही नाही. काढणार होते, अगदी शपथ. पण कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं होतं.

फ्लॉवरने.