पाण्यावर घेतलेली नावं

चौक, ५ नोव्हेंबर १९६८

पोचलो एकदाचे! भाईंदरहून खडखडत आलेल्या एस.टी.नं सुलूला आणि मला डोंगरीला उतरवलं, पुढे बैलगाडी. सामान म्हणजे दोर, टायरच्या सहा ट्यूबा, पत्र्याचा एक भोंगा आणि भरती-ओहोटीचं कोष्टक. या किनाऱ्यावर इतकी माणसं का बुडतात ते शोधायचं आणि बुडणं थांबवायचं, हे माझं काम. कचेरीतले चिडवत होते, कोळ्यांना पाणी शिकवायला निघालास का? म्हटलं, हसा लेको. मीही रत्नागिरीचा आहे, खारं पाणी मला नवं नाही.

उतरलोय नाथा कोळ्याकडे. त्याची बायको सरूबाई तोंडानं फटकळ, पण हाताला चव आहे. बोंबलाचं कालवण असं केलं की सुलूनं दोनदा भात घेतला आणि वर बोटं चाटत बसली. लग्नाला दोन वर्षं झाली, इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती. खिडकीतून समोर वसई दिसते. झकास जागा आहे.

१४ नोव्हेंबर

आठ दिवस सगळा किनारा पायाखाली घातला. चार वर्षांत अकरा जण गेले. सगळे ओहोटीला, खडकांमधल्या घळीतून पाणी बाहेर ओढतं तिथे. आणि काठावर माणसं उभी असताना! कारण कळलं तेव्हा कपाळावर हात मारला. ही माणसं पाण्यावर एकमेकांना नावानं हाक मारतच नाहीत. नुसतं 'ओ' करतात. मासळी लागली तरी 'ओ', बुडायला लागला तरी 'ओ'. काठावरच्यानं समजायचं काय, कपाळ?

नाथाला छेडलं तर म्हणाला, "पान्याव नाव घेव नको, साहेब. दर्या आयकतो." म्हटलं, ऐकू दे की, त्याला काय रेशनकार्ड काढायचंय? नाथा हसला नाही.

२४ नोव्हेंबर

नावानं हाक मारायची कवायत पार पडली. आधी कोणी येईना. मग माझं डोकं फिरलं. सांगितलं, न येणाऱ्यांची नावं वर कळवीन, मग होडीच्या परवान्याचं तुमचं तुम्ही बघा. मुकाट आले, वीस जण. मी खडकावर उभा राहून भोंग्यातून एकेकाचं नाव पुकारायचं, "चल, कमरेपर्यंत!" असा हुकूम द्यायचा. त्यानं काखेत दोर बांधून पाण्यात शिरायचं, बाकीच्यांनी ओढून काढायचं. काय सुरेख झालं सगळं! नाव ऐकलं की माणूस कसा चटकन हलतो.

सरूबाईनं रात्री मला वाढलं नाही, सुलूनं वाढलं. रागावेना का. एखाद्याचा जीव वाचला म्हणजे कळेल.

३ डिसेंबर

विठू गेला, कवायतीतल्या विसांपैकी. भर दुपारी, ओहोटी चालू असताना. जाळं सांधत बसला होता, तो उठला आणि सरळ पाण्याकडे चालू लागला. दोघांनी धरलं, तर एकाचा कान त्यानं दातांनी तोडला. तासाभरानं पाण्यानं परत दिला. दोन्ही हात खांद्यातून उपटलेले. काखेत दोराचा वळ, हाडापर्यंत गेलेला. त्याच्या अंगावर दोर नव्हता.

लोक म्हणतात, खडकाकडून भोंग्यातून त्याचं नाव पुकारलं. मी तेव्हा डोंगरीला होतो. भोंगा खोलीत, कुलपात.

५ डिसेंबर

शिवा. या वेळी मी काठावरच होतो. ऐकलं. पाण्यातून आला, आवाज माझा. शेवटचं अक्षर लांबवायची माझी खोडसुद्धा. "शिवाऽ... चल, कमरेपर्यंत!"

मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं माझ्या डोळ्यात अंगठा खुपसला. कमरेइतक्या पाण्यात गेला आणि खालून असा हिसका बसला की माझ्या हातात त्याचा सदरा राहिला. सदऱ्याला आतून पाठीची कातडी.

नाथाचं ऐकायला हवं होतं. मी मूर्ख, मी गाढव.

६ डिसेंबर, संध्याकाळ

आता सात जण गेले. ओहोटी लागली की हाका सुरू, पाणी फिरलं की बंद. बाबाजीला घरच्यांनी मेढीच्या खांबाला बांधलं होतं. त्यानं कोयत्यानं मनगट तोडून स्वतःला सोडवलं. पंजा अजून दोरातच आहे.

नाथा आला. भोंगा माझ्याच तोंडावर घातला, तीनदा. पुढचे दात गेले, जीभ फाटली. मी हात वर केला नाही. सुलू मध्ये पडली म्हणून वाचलो.

७ डिसेंबर, सकाळी ९

गाव डोंगरीला पळालं. आम्हाला कोणी गाडीत घेतलं नाही. सुलूचं नाव त्या विसांत नाही, तेवढंच समाधान—

नाही. आहे. कवायतीच्या मध्येच ती चहा घेऊन आली होती. भोंगा तोंडाशीच होता. गमतीनं ओरडलो, "सुलूऽ, इकडे ये!" एकदाच. देवा, एकदाच.

ओहोटीला दोन तास. चालत निघतो.

दुपार

वेशीशीच मला भोवळ आली. रक्त फार गेलंय. तिला म्हणायला गेलो, तू एकटी जा. शब्द फुटेना. हातानं दाखवलं. ती गेली नाही. मला ओढत घरी घेऊन आली.

पाणी साडेपाचला फिरतं. तोवर तिला आत ठेवायचं. बस.

पाचला दहा कमी

हाक आली. वाटलं होतं टळलं—

ती हसली. म्हणाली, "हे बोलावताहेत मला." मी तिचे खांदे धरले, मी इथे आहे म्हणालो— नुसती फसफस, रक्त. तिनं माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. विचारलं, "तुम्ही कोण? ह्यांना काय केलंत?"

पाच वाजून पाच

दाराला पाठ लावून बसलोय. एक घाव खांद्यावर. एक मांडीवर. सुलूच्या हातातला कोयता सरूबाईचा, चुलीमागचा. दार सोडणार नाही. बाहेर तो माझ्याच आवाजात इतक्या मायेनं बोलतोय— मी तिच्याशी असा कधी—

पाच वाजून वीस

सुलू, वाच. वही तुझ्यासमोर धरतोय. आवाज त्यानं नेला, अक्षर माझंच आहे. हे अक्षर ओळख. माहेरी होतीस तेव्हा याच अक्षरात पत्रं यायची. दहा मिनिटं, सुलू. पाणी फिरेल.

थांबलीस. वाचतेयस. शहाणी माझी. असंच वाचत राहा, मी लिहीत राहतो. काहीही लिहितो. तू वाचतेयस तोवर— कोयता खाली ठेव ग, हात दुखेल. पुढची ओळ वाच. अजून एक. सुलू, इकडे बघ, खिडकीकडे नको, इकडे, अक्षराकडे, मी इथे, मी